कॉक्लिअर इम्प्लांटनंतरचा सीटी : कोणता, केव्हा आणि कसा करून घ्यावा

प्रश्न सोलापुरातच काम करणाऱ्या एका ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) ताईंचा आहे, आणि तो कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल, म्हणजे कॉक्लियात (आतल्या कानातल्या शंखाकृती नळीत) इलेक्ट्रोडची तार घालून श्रवणनसेला विद्युतसंकेत देणाऱ्या उपकरणाबद्दल आहे. त्यांच्याकडे मॅपिंगला (इम्प्लांटचे इलेक्ट्रोड तपासून त्यांचे संकेत रुग्णाला जुळवून घेण्याला) येणाऱ्या दोन रुग्णांबद्दल त्यांनी विचारले आहे. पहिले अक्कलकोटचे एक निवृत्त शिक्षक. ओटोस्क्लेरोसिसमुळे, म्हणजे कानाच्या हाडाच्या एका विकारामुळे, त्यांचे ऐकू येणे गेले, दीडेक वर्षापूर्वी पुण्यात इम्प्लांट बसवले, आणि आता मधले काही इलेक्ट्रोड चालू केले की त्या बाजूचा गाल फडफडतो. शिवाय बोललेले पूर्वीइतके स्पष्ट कळत नाही. दुसरी मंगळवेढ्याकडची चार वर्षांची मुलगी. तिची शस्त्रक्रिया अलीकडची आहे, इम्पिडन्स (इलेक्ट्रोडचा विद्युतरोध) व्यवस्थित आहेत, पण टोकाकडच्या इलेक्ट्रोडवरून मिळणारे श्रवणनसेचे प्रतिसाद अपेक्षेप्रमाणे नाहीत. सर्जननी एक्स-रे मागितला, गावातल्या स्कॅन सेंटरने टेम्पोरल बोनचा (कानाभोवतीच्या हाडाचा) एचआरसीटी, म्हणजे जास्त बारकाव्याचा सीटी, सुचवला, आणि दातांच्या इमेजिंगवाल्यांनी कोन बीम सीटी जास्त बारीक आणि कमी किरणांचा असतो म्हणून तोच करा असे सांगितले. यातले नेमके कोणाचे ऐकावे, असे ताई विचारतात.

तिघांपैकी कोणीही चुकीचे सांगितलेले नाही. मात्र कोणासमोरही संपूर्ण प्रश्न नव्हता. माझे मत आधीच सांगून टाकतो. मुलीसाठी प्रथम योग्य कोनातला एक्स-रे घ्यावा आणि त्यातून शंका उरली तरच सीटी करावा. गुरुजींसाठी थेट मल्टिस्लाइस सीटी (स्कॅन सेंटरमधला नेहमीचा सीटी) करावा, पण इम्प्लांटसाठी वेगळ्या सेटिंगवर. नेहमीच्या एचआरसीटीच्या सेटिंगवर केला तर तो जवळजवळ वाया जातो. कोन बीम हे या कामासाठी तत्त्वतः उत्तम तंत्र आहे, परंतु जबड्यासाठी बसवलेले यंत्र कानासाठी तितकेच उत्तम ठरेल असे गृहीत धरू नये. ही मते का बनली, ते आता सविस्तर सांगतो.

अडचणीचे मूळ आकारमानात आणि धातूत आहे. कॉक्लियाचा हाडाचा सांगाडा जन्मतःच मोठ्या माणसाच्या मापाचा असतो, म्हणजे चार वर्षांची मुलगी आणि साठीतले गुरुजी यांच्या बाबतीत आपण सारख्याच लहान जागेत शोध घेत असतो. सुमारे अडीच वेढ्यांच्या या नळीची रुंदी पहिल्या वेढ्यातही जेमतेम दोन मिलिमीटर भरते, आणि तेवढ्यात स्कॅला टिम्पनी व स्कॅला व्हेस्टिब्युली हे दोन कप्पे असतात. इलेक्ट्रोड खालच्या, म्हणजे स्कॅला टिम्पनीत राहावा अशी सर्जनची इच्छा असते. दोन कप्प्यांमधला बेसिलर पडदा कोणत्याही सीटीत दिसत नाही. फार तर त्याला आधार देणारी हाडाची पातळ पट्टी चांगल्या चित्रात ओळखू येते. त्यात इलेक्ट्रोडचे संपर्कबिंदू प्लॅटिनमचे. अणुक्रमांक 78 असलेला हा धातू क्ष-किरण इतके शोषतो की चित्रात तो मूळ मापाच्या दुप्पट किंवा त्याहूनही जाड भासतो आणि शेजारच्या हाडावर काळे-पांढरे पट्टे ओढतो. जाडी फुगलेला इलेक्ट्रोड दोन्ही कप्पे व्यापून बसलेला दिसतो, आणि तो मुळात कोणत्या कप्प्यात आहे हे सांगणे अवघड होते. पद्धतींची सगळी तुलना या एका अडचणीभोवती फिरते.

एक्स-रेला लोक हल्ली कमी लेखतात, ते मला पटत नाही. डोके साधारण 45 ते 50 अंशांत फिरवून घेतलेल्या सुधारित स्टेनव्हर्स पद्धतीच्या चित्रात किरण कॉक्लियाच्या अक्षाच्या दिशेने जातात, त्यामुळे इलेक्ट्रोडची गुंडाळी समोरून, पूर्ण उलगडलेली दिसते. प्रत्येक संपर्कबिंदू मोजता येतो, किती अंशांपर्यंत इलेक्ट्रोड आत गेला याचा अंदाज येतो, आणि टोक दुमडून मागे वळले असेल तर तेही दिसते. किरणांची मात्रा सीटीपुढे नगण्य असते. कप्पा मात्र एक्स-रेवर कळत नाही, आणि चेहऱ्याच्या नसेपासूनचे अंतरही कळत नाही. तंत्रज्ञाला हा कोन सवयीचा नसेल तर मिळणारे चित्र नुसत्या कवटीच्या एक्स-रेसारखे निघते, म्हणून चिठ्ठीवर नुसते 'एक्स-रे मॅस्टॉइड' न लिहिता 'सुधारित स्टेनव्हर्स, कॉक्लिअर व्ह्यू' असे स्पष्ट लिहावे.

आता मल्टिस्लाइस सीटी. सोलापूर जिल्ह्यात हाताशी असणारे साधन हेच, आणि त्याच्याबद्दलच सर्वांत जास्त सांगण्यासारखे आहे. रुग्ण पुण्या-मुंबईहून शस्त्रक्रिया करून आला की नातेवाईक पिशवीतून फिल्म काढून दाखवतात. त्या फिल्मवर कॉक्लियाच्या जागी एक पांढरा ठिपका असतो आणि भोवती फाटलेल्या किरणांसारखे पट्टे. रिपोर्टमध्ये 'इम्प्लांट इन सिटू' एवढेच लिहिलेले असते. हा यंत्राचा दोष क्वचितच असतो. हाडासाठीच्या नेहमीच्या विंडोत (करड्या छटांत दाखवायच्या किमतींच्या पट्ट्यात), म्हणजे रुंदी 4000 आणि मध्य 700 च्या आसपास, सुमारे 2700 हाउन्सफिल्डच्या (सीटीतल्या घनतेच्या एककाच्या) वरचे सारे काही सारखेच पांढरे दिसते. त्याहून वाईट म्हणजे नेहमीच्या 12 बिटच्या मोजपट्टीत 3071 च्या वरची किंमत साठवलीच जात नाही. प्लॅटिनमची खरी किंमत त्याच्या कितीतरी वर असते. म्हणून स्कॅनचे चित्र बनवतानाच विस्तारित सीटी स्केल चालू करावी लागते, जी अनेक यंत्रांवर तीस हजारांपर्यंत जाते. मग दहा-पंधरा हजार रुंदीच्या विंडोत तोच पांढरा ठिपका एकेका बिंदूत सुटा होतो. ही सोय बहुतेक यंत्रांत असते, फक्त कोणी ती वापरत नाही.

त्याचबरोबर दृष्टिक्षेत्राचा हिशेब करावा. दोन्ही कानांसह पूर्ण डोके 220 मिलिमीटरच्या क्षेत्रात 512 च्या चौकटीवर मांडले तर एक पिक्सेल 0.43 मिलिमीटरचा होतो. एकच कान 100 मिलिमीटरच्या क्षेत्रात पुन्हा मांडला तर तो 0.2 मिलिमीटरच्या खाली येतो. छेद यंत्राला शक्य असेल तितका पातळ, म्हणजे 0.5 ते 0.6 मिलिमीटर, आणि प्रत्येक छेद आधीच्यावर निम्मा चढवलेला असावा. नाहीतर तिरप्या प्रतलातली चित्रे पायऱ्यापायऱ्यांची निघतात. हे सर्व स्कॅन झाल्यानंतरही करता येते, अट एकच : कच्चा डेटा यंत्रावर शिल्लक असला पाहिजे. बहुतेक सेंटरमध्ये तो काही दिवसांतच आपोआप पुसला जातो. म्हणून रुग्ण टेबलावरून उतरण्याआधीच तंत्रज्ञाशी फोनवर बोलून ठेवणे सर्वांत हिताचे.

धातूचे आर्टिफॅक्ट (धातूमुळे चित्रात उमटणारे खोटे पट्टे) कमी करणाऱ्या सॉफ्टवेअरवर विक्रेते फार भर देतात. खुब्याच्या सांध्यासारख्या मोठ्या धातूसाठी ते उपयोगी आहे. कॉक्लियातल्या अर्ध्या मिलिमीटरच्या बिंदूंवर ते वापरले की कधी शेवटचे एकदोन बिंदूच पुसट होतात, तर कधी शेजारच्या हाडावर नवीनच सावल्या उमटतात. मी ते चित्र मागवतो, पण मूळ चित्राशेजारी ठेवून पाहण्यासाठी. फक्त त्याच्या भरवशावर निष्कर्ष लिहीत नाही. दुहेरी ऊर्जेच्या यंत्रावर जास्त किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची चित्रे काढली तर फुगवटा थोडा कमी होतो, तेवढाच. डोक्याच्या स्थितीने मात्र पुष्कळ फरक पडतो. त्वचेखाली बसवलेला रिसीव्हर आणि त्यातले चुंबक कॉक्लियाच्याच छेदात आले तर त्यांचे पट्टे थेट कॉक्लियावर पडतात. हनुवटी किंचित छातीकडे घेतली, किंवा गॅन्ट्री (यंत्राचे गोल कडे) तिरकी केली, तर रिसीव्हर छेदाबाहेर जातो आणि बहुधा डोळ्यांची भिंगेही किरणांच्या वाटेतून सुटतात.

कोन बीम सीटीची बाजू आता मांडतो, कारण ताईंना मिळालेल्या सल्ल्यात तथ्य आहे. या पद्धतीत पंख्यासारख्या पातळ झोताऐवजी शंकूच्या आकाराचा झोत आणि सपाट डिटेक्टर वापरतात. मिळणारे घनकण (त्रिमितीय चित्राचे सर्वांत लहान ठोकळे) सर्व दिशांना सारख्या मापाचे, 0.1 मिलिमीटरच्या आसपासचेही असू शकतात. इलेक्ट्रोडचा फुगवटा कमी दिसतो, बिंदू सुटे दिसतात, आणि पहिल्या वेढ्यात तो कोणत्या कप्प्यात आहे हे बऱ्याच विश्वासाने सांगता येते. दुसऱ्या वेढ्यापासून पुढे मात्र कप्पे इतके निमुळते होतात की तिथे कोन बीमचाही आत्मविश्वास ओसरतो. किरणांचे म्हणाल तर टेम्पोरल बोनच्या मल्टिस्लाइस सीटीत प्रभावी मात्रा साधारण अर्धा ते एक मिलिसिव्हर्ट पडते, आणि चांगल्या कोन बीम यंत्रावर त्याचा काही अंशच. तुलनेसाठी, जगभरात निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात. अर्थात दोन्हीकडचे आकडे यंत्र आणि सेटिंगप्रमाणे बदलतात, आणि निष्काळजीपणे मोठ्या क्षेत्रावर केलेला कोन बीम नेटक्या मल्टिस्लाइसच्या जवळ जाऊ शकतो.

खरी अडचण व्यवहारातली आहे. दातांच्या यंत्रांत हनुवटीचा आधार जबड्याच्या मापाने बसवलेला असतो, आणि लहान क्षेत्र कानावर केंद्रित करता येईलच असे नाही. मग तंत्रज्ञ मोठे क्षेत्र निवडतो, कारण त्यात कान येतो. पण मोठ्या क्षेत्राबरोबर घनकण 0.3 ते 0.4 मिलिमीटरचे होतात, आणि ज्या बारकाव्यासाठी आपण तिथे गेलो तो तिथेच गमावतो. म्हणून सेंटरला दोनच गोष्टी विचाराव्या : कानावर लहान क्षेत्र बसते का, आणि त्या क्षेत्रात घनकणाचे माप किती. उत्तर 'हो' आणि '0.15 किंवा कमी' असे आले तर खुशाल जावे.

दुसरी बाब वेळेची. मल्टिस्लाइसला काही सेकंद पुरतात. कोन बीमला यंत्राप्रमाणे 10 ते 40 सेकंद लागतात आणि रुग्ण अनेकदा बसलेला असतो. मिलिमीटरचा काही अंश डोके हलले तरी बारकावा संपला. आणि एक गोष्ट खोलीत उभे राहिल्याशिवाय ध्यानात येत नाही : स्कॅनपूर्वी बाहेरचा प्रोसेसर (इम्प्लांटचा कानावर लावायचा, आवाज टिपणारा भाग) काढावाच लागतो, म्हणजे स्कॅन सुरू होताना रुग्णाला काहीही ऐकू येत नसते. काचेपलीकडून माइकवर 'हलू नका' म्हणणे व्यर्थ. आपल्याकडे कोणी मराठी, कोणी तेलुगू, कोणी कन्नड ओठांवरून वाचणारे. मास्क लावलेल्या तंत्रज्ञाचे तेही जमत नाही. प्रोसेसर कानावर असतानाच सगळे समजावून सांगावे, हाताची खूण ठरवावी, आणि एकदा कोरडी तालीम करून मग प्रोसेसर काढावा. गुरुजींना हे सहज जमेल. चार वर्षांच्या मुलीला वीस-तीस सेकंद खुर्चीत निश्चल बसवणे मात्र बहुधा जमणार नाही, आणि तिला भूल द्यायची वेळ आली तर कमी किरणांचा फायदा भूलेच्या जोखमीपुढे फिका पडतो. अशा मुलांचे मल्टिस्लाइस झोपेच्या वेळी, दूध पाजून किंवा दुपारी पेंगताना, भूल न देताही होऊन जाते.

आणखी दोन पद्धतींचा उल्लेख केवळ पूर्णतेसाठी. अँजिओग्राफीच्या सी-आर्मवर (कमानीवर बसवलेल्या क्ष-किरण यंत्रावर) सपाट डिटेक्टर फिरवून घेतलेली त्रिमितीय चित्रे ऑपरेशन थिएटरमध्ये फार कामाची असतात, कारण टोक दुमडलेले दिसले तर सर्जन तिथेच दुरुस्त करू शकतो; पण हृदयरोगासाठी उभारलेल्या प्रत्येक कॅथलॅबमध्ये ही सोय असतेच असे नाही. फोटॉन काउंटिंग सीटीला अमेरिकेच्या एफडीएने 2021 मध्ये मान्यता दिली. त्यात 0.2 मिलिमीटरचे छेद मिळतात, प्रत्येक फोटॉनची ऊर्जा वेगळी मोजली जाते, आणि इम्प्लांटची चित्रे खरोखर देखणी येतात. परंतु ताईंच्या दोन्ही प्रश्नांसाठी त्याच्या शोधात दूर जाण्याची गरज मला दिसत नाही. एमआरआयचा इथे संबंध नाही. चुंबकाची काळजी वेगळी, आणि कॉक्लियाच्या आतला इलेक्ट्रोड त्यात नीट दिसतही नाही.

चित्र कोणतेही असो, ते वाचण्याची रीत चुकली तर सगळे फुकट जाते. आडव्या छेदांवर इलेक्ट्रोडचे तुकडेच दिसतात. म्हणून दोन तिरपी प्रतले तयार करावी लागतात : एक पहिल्या वेढ्याच्या सपाट प्रतलातले, ज्यात गोल खिडकीला शून्य धरून इलेक्ट्रोड किती अंश आत गेला हे मोजता येते, आणि दुसरे कॉक्लियाच्या मध्य अक्षातून जाणारे उभे, ज्यात प्रत्येक वेढ्यात इलेक्ट्रोड खालच्या कप्प्यात आहे की वरच्या हे पाहता येते. खालून वर उडी बहुधा पहिल्या वेढ्याच्या चढत्या भागात, अर्ध्या फेरीच्या सुमारास पडते, त्यामुळे तिथे विशेष बारकाईने पाहावे. शस्त्रक्रियेपूर्वीचा सीटी उपलब्ध असेल तर तो नव्या चित्रावर बसवून पाहावा. धातूविना स्पष्ट दिसणारे हाड तिथे मिळते आणि कप्प्याचा निर्णय बराच सुकर होतो. पण त्यासाठी सीडी लागते. आपल्याकडे फिल्म देवघरातल्या पोथीइतकी जपतात आणि सीडी मुलांच्या खेळण्यात जाते. ताईंना माझी विनंती आहे की मॅपिंगच्या पहिल्याच भेटीत ती सीडी मागून पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावी. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फिल्मच्या फोटोवरून कप्पा सांगा, असे कोणी म्हटले तर मी नम्रपणे नकार देतो.

रेडिओलॉजिस्ट आणि ऑडिओलॉजिस्ट यांच्यात एक गोंधळ वारंवार होतो, तो क्रमांकांचा. कॉक्लिअर कंपनीच्या इम्प्लांटमध्ये 22 इलेक्ट्रोड असतात आणि क्रमांक 1 तळाशी, 22 टोकाशी असतो. मेड-एलच्या 12 मध्ये आणि अॅडव्हान्स्ड बायोनिक्सच्या 16 मध्ये क्रमांक 1 टोकाशी असतो. कंपनी माहीत नसताना 'पहिले दोन इलेक्ट्रोड बाहेर आहेत' असे लिहिले तर मॅपिंगमध्ये भलतेच दोन बंद होऊ शकतात. शिवाय 22 बिंदू दीड-दोन सेंटिमीटरमध्ये दाटीने बसलेले असल्याने ते सुटे दिसायला चांगले चित्र लागते, तर मेड-एलच्या लांब इलेक्ट्रोडमध्ये बिंदूंमधले अंतर दोन मिलिमीटरच्या वर असल्याने ते साध्या मल्टिस्लाइसवरही मोजता येतात. म्हणजे कोन बीमची निकड कंपनीवरही थोडी अवलंबून आहे.

आता गुरुजी. ओटोस्क्लेरोसिसमध्ये कॉक्लियाभोवतीचे हाड सच्छिद्र होते आणि विद्युतप्रवाह त्यातून बाहेर पाझरतो. पहिल्या वेढ्याचा वरचा भाग चेहऱ्याच्या नसेच्या अगदी शेजारी असल्याने गाल फडफडतो. त्यांच्या सीटीत इलेक्ट्रोडइतकेच भोवतालचे हाडही पाहायचे आहे : ते किती पोकळ झाले आहे, नसेच्या सर्वांत जवळ कोणता बिंदू आहे, इलेक्ट्रोड बाहेर सरकला आहे का, आतल्या पोकळीत नवीन हाड साचले आहे का. हाडाच्या घनतेची तुलना भरवशाने करायची तर मल्टिस्लाइस बरे, कारण कोन बीममधल्या करड्या छटा हाउन्सफिल्डमध्ये नीट बसत नाहीत. नसेलगतचा बिंदू क्रमांकासह मिळाला की ताई तो आणि त्याचे शेजारी तपासून गरजेप्रमाणे बंद किंवा सौम्य करू शकतील.

मुलीच्या बाबतीत संशय टोक दुमडल्याचा आहे, आणि तो प्रश्न एक्स-रे सोडवतो. टोक मागे वळलेले स्पष्ट दिसले तर सीटीची वाट न पाहता सर्जनना कळवावे. एक्स-रे निर्दोष आणि प्रतिसाद तसेच राहिले तर मल्टिस्लाइस करावा, तोही एकाच कानाचा आणि लहान मुलांच्या मात्रेवर. दिव्यांगांना उपकरणे देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून इम्प्लांट मिळालेल्या मुलांच्या घरचे लोक प्रत्येक नव्या तपासणीला घाबरतात. खर्चाचेही असते आणि मंगळवेढ्याहून दिवस मोडण्याचेही. प्रत्येक मुलाचा शस्त्रक्रियेनंतर सरसकट सीटी करावा, असे म्हणणाऱ्यांच्या पक्षात मी नाही. प्रौढांमध्ये इलेक्ट्रोडच्या कोनाप्रमाणे वारंवारता नेमून देणारे मॅपिंग करायचे असेल तर सीटीला कारण मिळते, आणि तिथे कोन बीम मिळाला तर तो घ्यावा.

गुरुजींच्या चिठ्ठीवर ताईंनी असे लिहावे : इम्प्लांटची कंपनी आणि मॉडेल, बाजू, 'टेम्पोरल बोन सीटी, एक बाजू, विस्तारित स्केल, 0.6 मिलिमीटर किंवा कमी छेद, 100 मिलिमीटर क्षेत्र, आर्टिफॅक्ट कमी केलेले आणि न केलेले असे दोन्ही संच डायकॉममध्ये सीडीवर द्यावेत', आणि खाली ज्या इलेक्ट्रोडला गाल फडफडतो त्यांचे क्रमांक. शेवटची ओळ बहुतेक चिठ्ठ्यांवर नसते, आणि रिपोर्ट लिहिणाऱ्याला तिचाच सर्वांत जास्त उपयोग होतो.